रोख की मर्कंटाइल: नव्या व्यावसायिकाने हिशेब कसा ठेवावा?

इंटिरियर, आर्किटेक्चर किंवा सल्लागारीचं स्वतःचं काम सुरू केलं की हा प्रश्न पहिल्याच वर्षी समोर येतो. कंपनी काढली असेल तर २०१३ च्या कंपनी कायद्यानं मर्कंटाइल पद्धत (पैसे कधी आले-गेले ते न बघता व्यवहार झाला की नोंद करायची) सक्तीचीच आहे. प्रोप्रायटर आणि भागीदारी संस्थेला मात्र निवड करता येते. दादरला माझं इंटिरियरचं छोटं ऑफिस आहे आणि मी दोन्ही पद्धतींनी हिशेब ठेवलेला आहे.

रोख पद्धतीचं सुख खरं आहे. पैसे खात्यात आले की उत्पन्न, गेले की खर्च. मुंबईत जागेचं भाडं आणि ड्राफ्ट्समनचा पगार महिन्याच्या महिन्याला द्यावाच लागतो, क्लायंट मात्र पैसे सावकाश सोडतो. अशा वेळी हाती न आलेल्या फीवर प्राप्तिकर भरावा लागत नाही, हा दिलासा लहान नाही. घसारा, म्हणजे फर्निचर-संगणकाच्या घटत्या किमतीपोटी धरायचा खर्च, इथेही मिळतो बरं का, खिशातून काही जात नाही म्हणून तो विसरू नका.

मर्कंटाइलमध्ये बिल काढलं की उत्पन्न धरायचं. मार्चचं भाडं एप्रिलमध्ये दिलं तरी खर्च मार्चचाच.

माझं मन फिरलं ते टीडीएसमुळे, म्हणजे क्लायंट आपल्या फीतून आधीच कापून सरकारकडे भरतो त्या प्राप्तिकरामुळे. समजा, अंधेरीच्या एका ऑफिसला मार्चअखेरीस बिल दिलं: फी १,००,००० आणि १८ टक्के जीएसटी १८,०००. त्यांचं अकाउंट्स खातं ३१ मार्चला खर्च टाकून मोकळं होतं आणि फीवर १० टक्के टीडीएस कापतं, कारण त्यांच्या वहीत तुमच्या खात्यावर रक्कम जमा दाखवणं किंवा ती प्रत्यक्ष देणं, यांतलं जे आधी घडेल तेव्हा टीडीएस कापायचा असतो. उरलेले १,०८,००० तुम्हाला मिळतात मे महिन्यात. आता २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या टीडीएसच्या प्राप्तिकर खात्याकडच्या नोंदीत, जुन्या वर्षात लाखाची फी आणि १०,००० टीडीएस दिसतो, तुमच्या रोख वहीत त्या वर्षी काहीच नाही. टीडीएसचं क्रेडिट ज्या वर्षी उत्पन्न दाखवाल त्याच वर्षी मिळतं, म्हणून ते १०,००० रिटर्नमध्ये पुढच्या वर्षात ओढायचे. एक बिल असेल तर ठीक. पण मार्चमध्ये सगळेच बिलं मागतात. कुठलं बिल, किती कापले, पैसे कधी आले, याची वेगळी यादी मला दरवर्षी करावी लागे. या एका यादीनं जितका जीव खाल्ला, तितका बाकी साऱ्या हिशेबानं मिळून खाल्ला नसेल.

त्यात जीएसटी तुमच्या रोख पद्धतीला विचारत नाही. बिल मार्चचं, तर मासिक रिटर्न भरणाऱ्याला ते १८,००० रुपये २० एप्रिलपर्यंत भरायचेच, क्लायंटनं दिलेले असोत वा नसोत. म्हणजे बिलांनुसार एक हिशेब ठेवावाच लागतो. मग शेजारी दुसरा कशाला?

मर्कंटाइलमध्ये हेच बिल मार्चमध्येच एका नोंदीत बसतं. नावे (डेबिट): क्लायंट १,०८,००० आणि टीडीएस येणे १०,०००. जमा (क्रेडिट): फी १,००,००० आणि जीएसटी देणे १८,०००. दोन्ही बाजू १,१८,०००. मे महिन्यात पैसे आले की क्लायंटचं खातं शून्य. २६एएस आणि वही बहुतेक जुळतात.

त्रास इथेही आहे. १५ मार्चच्या अॅडव्हान्स टॅक्सच्या (वर्ष संपण्याआधीच भरायच्या प्राप्तिकराच्या) हप्त्यात पुढच्या पंधरवड्याच्या बिलांचाही अंदाज धरावा लागतो, आणि बुडालेली उधारी बुडीत म्हणून लिहून काढेपर्यंत त्या फीवर कर भरलेला असतो. कंपन्यांची कामं असतील तर तरीही मी मर्कंटाइलच म्हणेन. तुमचे क्लायंट घरमालक असतील, टप्प्याटप्प्यानं पैसे देत असतील आणि टीडीएस कापत नसतील, तर रोख पद्धत पुरेशी ठरावी. ठरवायचं ते सुरुवातीलाच ठरवा, कारण पद्धत सातत्यानं पाळावी लागते. पुढे बदलायचीच झाली तर सीएशी बोलून १ एप्रिलपासून बदला आणि ३१ मार्चच्या सगळ्या थकीत बिलांची यादी त्याच्या हाती द्या, म्हणजे एखादी फी सुटणार नाही की दोनदा धरली जाणार नाही.