स्पिंडल सुरू कोण करणार: तुमचा हात, रिले, ०–१० व्होल्ट की आरएस-४८५?

हॉबी सीएनसीवर (संगणकाच्या हुकमाने कापणाऱ्या छोट्या मशीनवर) स्पिंडल, म्हणजे टूल फिरवणारी मोटर, सुरू करायचे चार मार्ग आहेत. हाताने बटण दाबायचं, कंट्रोलरला रिले जोडून चालू-बंद करायचं, ०–१० व्होल्टच्या सिग्नलने व्हीएफडीला (स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हला) वेग सांगायचा, किंवा आरएस-४८५च्या (डिजिटल संदेशांच्या) तारांवरून व्हीएफडीशी थेट बोलायचं. नवीन माणूस यातलं सोयीचं काय ते बघतो. मी निवड वेगळ्या प्रश्नावर करतो: टूल जॉबला टेकेल त्या क्षणी स्पिंडल वेगात असेल, हे कोण बघणार? कारण एम३ हा स्पिंडल सुरू करण्याचा नुसता हुकूम आहे. साधं जीआरबीएल (आर्डुइनो उनो बोर्डवर चालणारं कंट्रोलरचं सॉफ्टवेअर) तो देतं आणि लगेच पुढच्या ओळीकडे वळतं. स्पिंडल खरोखर फिरलं का, हे ते तपासत नाही.

हाताने

ट्रिम राउटर लावलेल्या मशीनवर हे पुरतं. माकिटाचा आरटी०७०० साधारण १०,००० ते ३०,००० आरपीएम देतो, डीवॉल्टचा डीडब्ल्यूपी६११ १६,००० ते २७,०००. दोन्हींचा वेग राउटरवरच्या डायलने ठरतो, कंट्रोलर त्याला हात लावू शकत नाही. म्हणजे ऑटोमेशन केलं तरी पदरात पडणार ते फक्त चालू-बंद. हाताने सुरू करणारा माणूस मशीनपाशी उभा असतो, आवाज ऐकतो, मगच जॉब सोडतो. हा मोठा फायदा आहे.

तोटा एकच, विसरणं. सुरुवातीच्या दिवसांत मी राउटर सुरू न करताच जॉब सोडला. ३ मिलिमीटरची एंड मिल प्लायमध्ये बंद अवस्थेतच उतरली, तुटली, आणि झेडच्या स्टेप्स हुकल्यामुळे पुढचा सगळा शून्यबिंदूही गेला. त्यावर सोपा उपाय आहे: फाइलच्या सुरुवातीला, टूल वर असताना, एम० (थांबण्याचा हुकूम) टाका. मशीन तिथे थांबतं. तुम्ही राउटर सुरू करता आणि मग सायकल स्टार्ट देता.

रिलेने

राउटर असेल आणि लांबलचक जॉब चालवायचे असतील, तर रिले घ्यावी. जॉब संपल्यावर एम५ (स्पिंडल बंद करण्याचा हुकूम) आला की राउटर बंद होतो, रिकामा फिरत राहत नाही. पण इथे वायरिंगच्या तीन खाचाखोचा आहेत, आणि तिन्ही सुरक्षेच्या आहेत.

पहिली म्हणजे बाजारातले बरेच रिले बोर्ड लो-लेव्हल ट्रिगरचे असतात. त्यांना इनपुट शून्य झालं की ते ओढतात, म्हणजे एम५ दिल्यावर राउटर सुरू आणि एम३ दिल्यावर बंद. हाय ट्रिगरचा बोर्ड घ्या किंवा जंपर बदला. दुसरी पीडब्ल्यूएमची, म्हणजे झपाट्याने चालू-बंद होऊन वेग सांगणाऱ्या सिग्नलची. जीआरबीएल १.१ मध्ये आर्डुइनो उनोच्या डी११ पिनवर स्पिंडलचा पीडब्ल्यूएम येतो, सुमारे १ किलोहर्ट्झचा. तिथे रिले जोडली आणि एसची (मागितलेल्या वेगाची) किंमत ‘$३०’ या सेटिंगमधल्या कमाल वेगापेक्षा कमी दिली, तर रिले नीट धरत नाही, थरथरते. एस लिहिलाच नाही तर वेग शून्य धरला जातो आणि काहीच होत नाही. रिले वापरणाऱ्याने एस नेहमी ‘$३०’मधल्या आकड्याइतकाच द्यावा. (सीएनसी शील्ड ३ वर डी११ ही पिन ‘झेड’ लिमिटच्या खुणेपाशी निघते, कारण ते शील्ड आधीच्या आवृत्तीसाठी बनलं होतं. ‘स्पिंडल एनेबल’ लिहिलेल्या जागी आता झेड लिमिट जातं.)

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. राउटर सुरू होताना मोठा करंट ओढतो. लहान रिलेचे काँटॅक्ट त्यात चिकटू शकतात, आणि सॉलिड स्टेट रिले बिघडली की बहुतेकदा चालू अवस्थेतच अडकते. म्हणून लहान रिलेने काँटॅक्टर (मोठ्या करंटची रिले) ओढवा, आणि इमर्जन्सी स्टॉप त्या काँटॅक्टरच्या कॉइलवर लावा, कंट्रोलरच्या भरवशावर ठेवू नका. राउटरचा स्वतःचा स्विच आता कायम चालू असतो, तेव्हा बिट बदलताना प्लग काढायचाच.

०–१० व्होल्टने

व्हीएफडीचं स्पिंडल असेल तर माझी पसंती इथेच आहे. २ पोलचं स्पिंडल ४०० हर्ट्झला २४,००० आरपीएम फिरतं. कंट्रोलरचा पीडब्ल्यूएम एक छोटं मॉड्यूल ०–१० व्होल्टमध्ये बदलतं आणि तो व्होल्टेज व्हीएफडीला वेग सांगतो. हुआनयांगच्या जुन्या मॉडेलवर पीडी००१ आणि पीडी००२ ही दोन्ही सेटिंग्ज १ केली की चालू-बंद आणि वेग बाहेरच्या टर्मिनलवरून येतात. मॉड्यूलचा पॉट (जुळवणीचा स्क्रू) मल्टीमीटर लावून फिरवा: कमाल एसला (इथे २४०००) १० व्होल्ट. मग एस१२००० द्या आणि व्हीएफडीवर २०० हर्ट्झच्या आसपास आकडा दिसतो का बघा. दोन-चार हर्ट्झ इकडेतिकडे असतील तर लाकडाला आणि प्लास्टिकला काही फरक पडत नाही.

इथे दोन सिग्नल लागतात, वेगाचा वेगळा आणि ‘चाल’ हा वेगळा. काही जण एक वायर वाचवायला एफओआर आणि डीसीएम (व्हीएफडीवरची ‘चाल’ची टर्मिनलं) कायमचे शॉर्ट करतात. कृपया करू नका. तसं केलं की व्हीएफडीला वीज आली की लगेच परवानगी मिळालेली असते, आणि इनपुटवर थोडा जरी व्होल्टेज उरला असला तरी स्पिंडल सरकायला लागतं. ‘चाल’साठी उनोची डी१३ पिन घेता येते, त्यासाठी जीआरबीएल पुन्हा कंपाइल करावं लागतं. पण डी१३ वरच उनोचा एलईडी आहे आणि रीसेटच्या वेळी बूटलोडर तो लुकलुकवतो. यूएसबीचं पोर्ट उघडलं की उनो रीसेट होतं. म्हणून आधी सॉफ्टवेअर जोडायचं, व्हीएफडीची वीज नंतर द्यायची, ही सवय लावा. स्पिंडलची केबल शील्डवाली आणि नीट अर्थ केलेली हवी, लिमिट स्विचच्या वायरींपासून लांब. नाहीतर व्हीएफडी सुरू होताच लिमिटचा खोटा अलार्म येतो.

आरएस-४८५ने

वेग नेमका मिळतो आणि व्हीएफडी परत उत्तर देतं, हा याचा खरा गुण. लिनक्ससीएनसीमध्ये (संगणकावर चालणाऱ्या कंट्रोलर सॉफ्टवेअरमध्ये) ‘वेग गाठला’ असा सिग्नल जोडला तर स्पिंडल सुरू झाल्यावरची पहिली कापणारी हालचाल तो खरा होईपर्यंत अडून राहते. मी वर विचारलेल्या प्रश्नाला हे सगळ्यात पक्कं उत्तर आहे. पण उनोवरचं साधं जीआरबीएल मॉडबस (या तारांवरची भाषा) बोलतच नाही. त्यासाठी फ्लुइडएनसी, जीआरबीएल-हाल किंवा लिनक्ससीएनसीकडे जावं लागतं. शिवाय हुआनयांगचा संवाद प्रमाण मॉडबसपेक्षा वेगळा असतो, म्हणून तुमच्या कंट्रोलरच्या यादीत नेमकं तेच मॉडेल आहे का, हे व्हीएफडी घेण्याआधीच बघा. केवळ स्पिंडलसाठी कंट्रोलर बदलावा, असं मी सांगणार नाही. कंट्रोलर आधीच असा असेल तर मात्र ०–१० व्होल्टच्या भानगडीत पडू नका.

थांबण्याचं काम

आरएस-४८५ सोडून बाकी सगळीकडे वाट बघण्याचं काम जी४ (ठरावीक वेळ थांबण्याचा हुकूम) करतो. व्हीएफडीचा ॲक्सिलरेशनचा वेळ (हुआनयांगवर पीडी०१४) शून्यापासून कमाल फ्रिक्वेन्सीपर्यंतचा असतो. तो फार कमी ठेवला तर व्हीएफडी ओव्हरकरंटवर ट्रिप होतं, आणि थांबण्याचा वेळ फार कमी ठेवला तर ओव्हरव्होल्टेजवर. ॲक्सिलरेशनचा वेळ ६ सेकंद असेल तर एम३नंतर जी४ पी८ द्या, खाली उतरण्याच्या ओळीआधी. हे पोस्ट-प्रोसेसरमध्येच (मशीनसाठी फाइल लिहिणाऱ्या भागात) बसवा, म्हणजे प्रत्येक फाइलमध्ये आपोआप येतं. एकक मात्र तपासा: जीआरबीएल आणि लिनक्ससीएनसीमध्ये पी म्हणजे सेकंद, मार्लिनमध्ये मिलिसेकंद, आणि माक३ मध्ये ते सेटिंगवर अवलंबून. सेकंद समजून ८ लिहिलं आणि मशीनने ८ मिलिसेकंद धरले, तर थांबणं झालंच नाही.

अधेमधे फीड होल्ड (हालचाल थांबवण्याचा हुकूम) दिला तर जीआरबीएल स्पिंडल बंद करत नाही. होल्डमध्ये असताना स्पिंडल स्टॉप वेगळा द्यावा लागतो. त्यानंतर रिझ्युम केलं की ते आधी स्पिंडल सुरू करतं आणि मूळ सेटिंगप्रमाणे ४ सेकंद थांबतं. तुमच्या व्हीएफडीला ६ लागत असतील तर हा आकडा कॉन्फिग फाइलमध्ये वाढवा. जी४ नीट लावलेले लोकही हा आकडा विसरतात.

कोणताही मार्ग घेतलात तरी पहिली चाचणी बिट न लावता, झेड वर ठेवून करा. एम३ द्या आणि आवाज स्थिर होईपर्यंतचे सेकंद मोजा. मग स्पिंडल फिरत असतानाच मेनची वीज घालवा आणि परत आणा. वीज आल्यावर स्पिंडल आपणहून फिरायला लागलं, तर वायरिंग अजून पूर्ण झालेलं नाही.