दशावतारी गंजिफा : आठ महिने खेळून झाल्यावर

हा संच मी खेळायला घेतला, हे आधीच सांगून टाकते. सावंतवाडीला गेलो होतो तेव्हा एका कारागिराकडे हे बोलले, तर तो आधी हसला आणि मग जरा गंभीर झाला. त्याच्याकडून गंजिफा नेणारे बहुतेक जण चार-पाच पानं चौकटीत बसवून भिंतीवर टांगतात. अख्खा संच घेऊन, जमिनीवर चादर पसरून डाव मांडणारं गिऱ्हाईक त्याला फारसं भेटत नसावं.

तर ज्यांना हे काय प्रकरण आहे ते माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी संचात दहा रंग, एकेका अवताराचा एक. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पानं, म्हणजे एकूण १२०. राजाच्या पानावर खुद्द अवतार, आकड्यांच्या पानांवर त्याची खूण: मत्स्याला मासे, कूर्माला कासवं, वामनाला कमंडलू, परशुरामाला परशू, कल्कीला तलवारी. सगळं हाताने रंगवलेलं, वरून लाखेचा हात दिलेला. बरोबर सरकत्या झाकणाची लाकडी पेटी, तिच्यावरही चित्रं.

किंमत सांगत नाही, कारण काम किती बारीक त्यावर ती हलते. दरबारी कामाच्या, नक्षीदार किनारीच्या संचाचा भाव वेगळा आणि साध्या बाजारी कामाचा वेगळा. ही विभागणी जुनीच आहे. राजेरजवाड्यांसाठी हस्तिदंती आणि कासवाच्या पाठीचे संच व्हायचे, सामान्यांसाठी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून. मी मधला घेतला आणि त्या निर्णयावर अजून खूश आहे. फार बारीक कामाचा घेतला असता तर दहा वर्षांच्या मुलीच्या हातात द्यायला जीव धजावला नसता.

पहिला महिना वाया गेला म्हटलं तरी चालेल. आपल्या हातांना सवय चौकोनी पत्त्यांची. गोल पान पिसता येत नाही. नेहमीच्या गड्डीसारखं करायला गेलं की कडा एकमेकींवर चढतात आणि लाख घासते. शेवटी चादरीवर सगळी पानं पालथी पसरायची, दोन्ही तळव्यांनी भाकरीचं पीठ मळावं तशी फिरवायची आणि गोळा करायची, ही रीत बसली. तिघांत वाटली की प्रत्येकाकडे ४० पानं. चाळीस गोल पानं एका हातात धरणं ही कसरत आहे. ज्यांचे पंजे मोठे त्यांना जमेल. माझी मुलगी पेटीचं झाकण आडवं उभं करते आणि त्यामागे पानं रंगांप्रमाणे मांडते. सासूबाई मांडीवर टॉवेल घेऊन त्यावर. मी धरते, पण दर डावाला एखादं पान निसटून उघडं पडतंच.

मोठी अडचण नियमांची. पेटीत नियमांचा कागद नव्हता, आणि कुटुंबात कुणाला खेळ येत नव्हता. शोधून, विचारून, दोन-तीन पद्धती ताडून बघून आम्ही आमचा डाव बसवला. त्यातली मेख अशी: राजा आणि प्रधान सगळ्या रंगांत सगळ्यात वर, पण आकड्यांचं मात्र उलटसुलट. पाच रंगांत दहा मोठा, नऊ त्याखाली, एक्का तळाला. उरलेल्या पाच रंगांत राजा-प्रधानानंतर एक्का मोठा आणि दहा तळाला! पहिले आठ-दहा डाव कुणीतरी ‘दहा आहे, हात माझा’ म्हणून ओरडायचं आणि मग कपाळाला हात लावायचं. मी तर फ्रिजवर चिठ्ठी लावली होती.

त्यात पुन्हा वेळ आहे. दिवसा खेळायला बसलात तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची उतारी, म्हणजे पहिलं पान त्याने टाकायचं, रात्री बसलात तर कृष्णवाल्याची. ही गोष्ट मला इतकी आवडली की पहिले काही दिवस मी मुद्दाम संध्याकाळी पत्ते काढायचे, म्हणजे उजेड आहे की अंधार यावर पाच मिनिटं वाद घालता येईल.

हुकूम आपल्या नेहमीच्या पत्त्यांसारखा एका रंगाचा नसतो. ज्या पानाच्या वरचं त्या रंगातलं एकही पान आता कुणाच्या हातात उरलेलं नाही, ते पान हुकूम. म्हणजे वामनाचा राजा आणि प्रधान पडून गेले की त्याखालचं पान आपोआप हुकूम होतं, आणि हे लक्षात ठेवायचं दहाही रंगांत. नशिबापेक्षा स्मरणशक्तीचा खेळ आहे हा. इथे सासूबाईंनी आम्हाला पार धुतलं. त्या मूळच्या कुडाळकडच्या, दशावतारी नाटकं रात्र रात्र बघितलेल्या. अवतारांचा क्रम त्यांना पाठ करावा लागला नाही. मी एकदा ‘नरसिंहाची किती गेली?’ म्हणून मदत करायला गेले, तर म्हणाल्या, “माका काय शिकयतंस? सात गेली.” मोजली, सातच होती.

आता तक्रारी. दोन रंगांच्या पानांची जमीन, म्हणजे चित्रामागचा रंग, ट्यूबलाइटमध्ये जवळपास सारखीच दिसते. उन्हात फरक स्पष्ट कळतो, रात्री खूण बघूनच ओळखावं लागतं. परशुरामाच्या नव्वीवर दहा परशू रंगवलेले निघाले, म्हणजे दश्श्या दोन आणि नव्वी गायब. हे तिसऱ्या महिन्यात लक्षात आलं, तोवर त्या पानाने किती हात मारले देव जाणे. कारागिराला फोटो पाठवला, त्याने नवीन पान करून कुरिअरने धाडलं आणि वरचे पैसे घेतले नाहीत. पण नवीन पानाची पाठ बाकीच्यांपेक्षा किंचित गडद आहे, आणि माझी मुलगी ते पान पालथं असतानाही ओळखते. हाताने रंगवलेल्या संचात ही खोड राहणारच. पाठीवरचा एखादा फुगा, कडेचा ओघळ, आणि पान फितूर. आता आम्ही त्या नव्वीला उघडपणेच ‘चहाडखोर’ म्हणतो.

पावसाळा हीच खरी परीक्षा. डोंबिवलीत जुलैमध्ये पापड नरम पडतात, तिथे लाखेची पानं कुठे वाचणार? पेटी कपाटात ठेवली तरी पानं एकमेकांना चिकटायला लागली. घाईत ओढली आणि कूर्माच्या एका पानाचा कडेचा टवका उडाला. चूक माझी. नंतर बटर पेपरच्या गोल चकत्या कापून दहा-दहा पानांमध्ये घातल्या, पेटीत बुटांच्या खोक्यातून निघणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या टाकल्या. त्यानंतर त्रास नाही. ओल्या हाताने, तेलकट हाताने अजिबात शिवू नये. चकल्या आणि गंजिफा एकत्र होऊ शकत नाहीत, हे दिवाळीत कळलं.

हे सगळं खेळताना डोक्यात एक गोष्ट राहते. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याचं त्यानेच लिहून ठेवलंय. मुघली संचात आठ रंग आणि ९६ पानं: ताज, सफेद, शमशेर, गुलाम वगैरे. त्याच चौकटीत अवतार येऊन बसले. बंगालात विष्णुपूरला, ओडिशात, म्हैसूरकडे, सगळीकडे याच्या वेगवेगळ्या तऱ्हा झाल्या. सावंतवाडीत मात्र हे काम जवळपास संपलं होतं. तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या म्हाताऱ्या कारागिराला गाठून ते पुन्हा उभं केलं. राणीसाहेब स्वतः शिकल्या आणि राजवाड्यात कारागीर बसवले. म्हणून माझ्या चादरीवर आज १२० पानं आहेत. कला वाचली, खेळ मात्र तितकासा वाचला नाही, असं मला वाटतं. चित्रांबद्दल बोलणारे भरपूर भेटले. डाव शिकवणारा एकही भेटला नाही.

घ्यावा का? घरात तीन माणसं सलग दीड-दोन तास मोबाइल लांब ठेवून बसणार असतील तर घ्या. एक डाव तेवढा वेळ खातो. निव्वळ शोभेला हवा असेल तर अख्ख्या संचावर खर्च करू नका, दहा राजांची दहा पानं मिळतात का विचारा. आणि घेताना कारागिरासमोर बसून एकेक पान मोजा, खुणासुद्धा. मी मोजल्या नाहीत.

काल रात्री कृष्ण माझ्याकडे होता, उतारी माझी होती, तरी सासूबाईंनी चौदा हात जास्त घेतले. आज दुपारी पुन्हा बसणार आहोत. रामाची उतारी.