ड्रायर फिरतो, पण कपडे गारच: दोन पावसाळे वापरल्यानंतर

गेल्या वर्षी मे महिन्यात ड्रायर घरी आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता ऊनही विकत आणा." रत्नागिरीत राहणाऱ्याला यात विनोद वाटणार नाही. आषाढात आमच्या माजघरात चार दोऱ्या बांधलेल्या असायच्या आणि तिसऱ्या दिवशीही जीन्सची कंबर ओलीच. गणवेशाला येणारा तो कुबट वास तर इस्त्रीनेही जात नाही.

मशीन साधं आहे. गरम हवा ड्रममधून फिरते आणि दमट हवा मागच्या पाइपातून घराबाहेर जाते. हीटर २००० वॅटचा, त्यामुळे १५ अँपिअरचा वेगळा पॉइंट काढून घेतला. पहिला पावसाळा इतका सुखात गेला की दिवाळीनंतर मी त्यावर चादर टाकली आणि विसरून गेले.

यंदा जूनमध्ये पहिल्याच खेपेला टॉवेल आणि चादरींना तीन तास लागले. बाहेर काढले तर कढत, पण ओले, मोदकपात्रातून उतरवल्यासारखे. पावसाळी हवा आहे, असं म्हणून सोडून दिलं. ही माझी चूक. दुसऱ्या खेपेला तर ड्रम फिरतोय, पंखा वाजतोय, टायमर सरकतोय आणि दार उघडून हात घातला तर आतले कपडे विहिरीतून काढल्यासारखे गार.

वॉरंटी एप्रिलमध्येच संपलेली. नऊ दिवसांनी कंपनीचा माणूस आला. त्याने मागचं झाकणसुद्धा उघडलं नाही. "हीटर गेला, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, ४८०० रुपये." मीटर लावून बघा म्हटलं तर म्हणाला, "मॅडम, रोजचं काम आहे आमचं."

मग आमच्या आळीतल्या वायरमनला बोलावलं. त्याने आधी प्लग काढला, मागचा पत्रा खोलला आणि हीटरची एक वायर सोडवून दोन टोकांना मीटर लावला. आकडा आला २६.६ ओहम. २३० व्होल्टवर २००० वॅटच्या हीटरला साधारण साडेसव्वीसच यायला हवेत, म्हणजे हीटर ठणठणीत! मग त्याच्या अंगावरचे दोन बटणाएवढे तुकडे तपासले. एक थर्मोस्टॅट, जो हवा तापली की हीटर बंद करतो आणि निवली की पुन्हा चालू करतो. तिथे मीटरने शिट्टी मारली. दुसरा कट-ऑफ. तो हीटरच्याच रांगेत असतो आणि ताप हाताबाहेर गेला की एकदाच उडतो. तिथे मीटर गप्प, म्हणजे तो उडालेला. मोटरची वायर वेगळी, म्हणून ड्रम बिचारा फिरत होता.

"वहिनी, डायरेक्ट करून देऊ? पाच मिनिटांचं काम." मी नको म्हटलं. आमच्याकडे मिक्सरपासून पंपापर्यंत काहीही डायरेक्ट करून मिळतं, पण आतून कापसाची धूळ उडते आणि शेजारी तापलेली तार आहे, अशा यंत्राचा शेवटचा राखणदार काढून टाकायचा म्हणजे कमाल झाली. (काही मशीनमध्ये हा कट-ऑफ लाल बटण दाबून पुन्हा चालू होतो. माझ्यात तसं नाही.)

पण तो का उडाला? कट-ऑफ काही उगाच उडत नाही. कापूस अडवणारी आतली जाळी तर मी दर खेपेला साफ करते. वायरमन म्हणाला, हवा कुठेतरी अडतेय. परसात जाऊन पाइपाचं तोंड बघितलं आणि हसावं की रडावं कळेना. झडपेच्या कडेला कुंभारीण माशीने मातीची घरं बांधली होती, एकाला एक चिकटून पाच, वाळून दगड झालेली. झडप जेमतेम बोटभर हलत होती. आतल्या अंगाला दमट कापूस साचून त्याचा भिजलेला पुठ्ठा झालेला. दिवाळी ते जून मशीन बंद, तोंड उघडं आणि आडोशाची कोरडी जागा. कुंभारणीला आणखी काय हवं? पाइपही बसवणाऱ्याने गरजेपेक्षा लांब ठेवून मध्ये झोळ दिला होता. त्या झोळात वाटीभर गढूळ पाणी निघालं.

माती खरवडली, पाइप धुऊन वाळवला, कापून आखूड आणि सरळ केला. जुन्यावर छापलेलं तापमान आणि अँपिअर जुळवून नवा कट-ऑफ मागवला, ३५० रुपये. वायरमनने २०० घेतले. तेव्हापासून सप्टेंबरअखेरपर्यंत जवळजवळ रोज चालवलाय, तक्रार नाही.

आता वीज. एकदा हौसेने वजन केलं: १००० आरपीएमवर पिळलेले कपडे पावणेसात किलो, वाळल्यावर सव्वाचार. म्हणजे अडीच लिटर पाणी उडवलं आणि मीटरवर पावणेतीन युनिट पडले. वॉशिंग मशीनमध्ये नीट पिळून घ्या, तिथे वाचलेलं पाणी इथे पैशाने उडवावं लागत नाही. संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज १९५ पर्यंत उतरतं, तेव्हा हाच हीटर साधारण १४४० वॅटच देतो. त्या वेळी कपडे उशिरा वाळले तर मेकॅनिकला फोन करू नका, सकाळी लावा. सासूबाईंची सुती नऊवारी एकटीच टाकावी लागते. इतर कपड्यांबरोबर टाकली तर तिचा दोरखंड होतो आणि पोटात दोन टॉवेल ओलेच राहतात.

मशीनला माझे पाचपैकी चार. एक गुण कापला तो पाइपासाठी, कारण बसवून जाताना बाहेरच्या तोंडाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तोंडाला बारीक जाळी लावावी असं मनात आलं होतं, पण चार दिवसांत तीच कापसाने बुजेल. म्हणून आता मशीन बंद असताना तिथे जुना प्लास्टिकचा डबा उपडा बसवलाय, आणि ड्रायरच्या दारावर सासूबाईंच्या अक्षरात चिठ्ठी आहे: "आधी डबा काढलात का?"