ट्रायकेअरवर टीएमएस: उपचाराला पूर्ण गुण, ९०८६९ने मात्र डोक्याला वात

माझा टीएमएसचा, म्हणजे डोक्यावर कॉइल धरून चुंबकीय स्पंदनांनी डिप्रेशनवर करतात त्या उपचाराचा, कोर्स संपून काही महिने झाले. तब्येत चांगली आहे, तरी आज लिहायला बसले ती टपालातून आलेल्या बिलामुळे. रक्कम ४१० डॉलर, सेवेचा बिलिंग कोड ९०८६९, शेरा ‘मंजुरी नाही’. नवरा अमेरिकन नौदलात आहे आणि आम्ही ट्रायकेअर प्राइमवर, म्हणजे तिथल्या सैन्यदलांच्या आरोग्यविम्याच्या एका योजनेवर. सेवेत असलेल्यांच्या कुटुंबाला नेटवर्कमधल्या (विम्याशी करार असलेल्या डॉक्टरांकडच्या), रीतसर मंजूर उपचारासाठी खिशातून काही भरावं लागत नाही. मग हे ४१० कुठून उपटले?

औषधांनी गुण न आलेल्या मेजर डिप्रेशनला ट्रायकेअर टीएमएस देतं, हे तुम्हाला माहीत असेलच. नाशिकला सासूबाई अजून त्याला ‘शॉक’ म्हणतात आणि फोनवर रडतात, म्हणून एवढं सांगते: शॉकमध्ये भूल देऊन फिट आणतात. यात भूल नाही, शुद्ध हरपत नाही. कानातले आणि चमकी काढून खुर्चीत बसायचं आणि नंतर स्वतः गाडी चालवत घरी यायचं. अमेरिकेत या यंत्राला २००८मध्ये मान्यता मिळाली. नेहमीचा कोर्स ३६ बैठकींचा असतो: सहा आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, मग शेवटच्या सहा बैठकी अंतर वाढवत तीन आठवड्यांत. जुनी बैठक साडेसदतीस मिनिटांची, माझी एकोणीस मिनिटांची होती. स्पंदनं भराभर झुपक्यांनी देणारी, तीन मिनिटांची थीटा बर्स्ट पद्धतही २०१८पासून मान्य आहे. लहान मुलं असतील तर तिच्याबद्दल आधीच विचारा, कारण मुलं सांभाळायचा खर्च विमा देत नाही.

आता कोड, कारण सगळी गोम तिथेच आहे. ९०८६७ म्हणजे पहिल्या दिवशीचं मॅपिंग. टेक्निशियन डोक्यावरची कॉइल इवली इवली सरकवत जाते आणि एका जागी उजव्या हाताचा अंगठा टुणकन उडतो. आपण हलवलेला नसतो! तो उडायला कमीत कमी किती जोर लागला ते मोजायचं आणि उपचार साधारण त्याच्या १२० टक्क्यांवर द्यायचा. ९०८६८ म्हणजे रोजची बैठक: पत्र्याच्या डब्यावर चमचा बडवावा तसा आवाज, कानात बोळे, पहिल्या आठवड्यात भुवईच्या वर ठणका. आणि ९०८६९ म्हणजे तीच मोजणी मध्येच पुन्हा करणं. औषध बदललं किंवा झोपेचं खोबरं झालं की मेंदूची उत्तेजना बदलते. जुन्याच जोरावर यंत्र चालवलं तर एक तर उपचार कमी पडतो, नाही तर फिटचा धोका वाढतो. म्हणजे ही मोजणी काही चैन नाही.

माझ्या मंजुरीच्या पत्रात पहिले दोनच कोड होते. तिसरा नव्हताच.

तिसऱ्या आठवड्यात माझं मत अगदी वाईट होतं. पीएचक्यू-९ या डिप्रेशन मोजणाऱ्या प्रश्नावलीतला माझा आकडा (जितका जास्त तितकं वाईट) २७पैकी १९वरून १८वर आला होता. नवरा समुद्रावर, मी रोज हायवेवर. हे सगळं पेट्रोल जाळणं आहे असं मी त्याला कळवलंही. प्रवासखर्च मिळत नव्हता, कारण प्राइमचा प्रवासभत्ता शंभर मैलांपलीकडे पाठवलं तरच मिळतो. मग डॉक्टरांनी बुप्रोपिऑन हे डिप्रेशनचं औषध सुरू केलं आणि त्यामुळेच मोजणी पुन्हा केली. पुढे एका सकाळी मुलीची वेणी घालताना भांग वाकडा पडला, तो मी मोडून पुन्हा पाडला. भांग सरळ असावा असं मला वाटलं, हेच नवीन होतं! कित्येक महिने मी तिचे केस नुसते रबरात कोंबत होते. कोर्स संपला तेव्हा आकडा ७ होता, आजही तिथेच आहे. औषधाने की नव्या मोजणीने, ते डॉक्टरही सांगू शकले नाहीत. मत मात्र मी तेव्हाच बदललं.

म्हणून तर त्या ४१०चा राग जास्त. क्लिनिक म्हणालं, विम्याशी बोला. विम्याच्या कंत्राटदाराच्या फोनवरची बाई म्हणाली, क्लिनिकशी बोला. शेवटी ईओबी (विम्याने काय दिलं आणि काय नाकारलं ते सांगणारा कागद) समोर घेऊन मी ट्रायकेअरचे नियम वाचले. तुम्हीही हे लिहून ठेवा: नेटवर्कमधला डॉक्टर, विम्याने नाकारलेल्या सेवेचे पैसे तुमच्याकडून मागू शकत नाही. मागायचे असतील तर ती सेवा देण्याआधी, नेमक्या त्याच सेवेसाठी, तुम्ही लेखी कबुली दिलेली हवी. पहिल्या दिवशी सही करून घेतलेला ‘न भरलेलं सगळं मी देईन’ छाप कागद त्यासाठी चालत नाही. हे मी क्लिनिकला लेखी कळवलं आणि त्याच आठवड्यात बिल मागे घेतलं गेलं. ते झालं नसतं तर अपील होतं, पण त्याला ९० दिवसांची मुदत असते आणि ती नकाराच्या तारखेपासून मोजतात. माझ्यासारख्या आजारी माणसाने सहा महिन्यांपूर्वी हे वाचलं असतं का? तेव्हा मी पाकिटंसुद्धा उघडत नव्हते. डिप्रेशनच्या पेशंटला असं बिल पाठवणाऱ्यांना एवढं कळायला हवं.

तेव्हा कोर्स सुरू होण्याआधी मंजुरीच्या पत्रात तिन्ही कोड आहेत का ते बघा. मंजुरी संपण्याची तारीखही बघा, शेवटच्या तीन आठवड्यांच्या बैठकी तिच्या बाहेर पडता कामा नयेत. मंजुरीशिवाय स्वतःहून नेटवर्कबाहेर गेलात तर प्राइममध्ये ‘पॉइंट ऑफ सर्व्हिस’ नावाचा जादा खर्च लागतो: एका माणसामागे ३०० डॉलर आधी आणि त्यापुढे मान्य रकमेच्या निम्मे तुमचे. आणि नवऱ्याच्या बदलीचे आदेश येण्याच्या बेतात असतील तर डॉक्टरांना ते पहिल्याच भेटीत सांगा. हा कोर्स दोन गावांत अर्धा-अर्धा करण्याजोगा नाही.