गोव्यात घर विकायचंय: जाहिरात स्वतः करायची की एजंट धरायचा?

आमच्या घरच्यांची दोन घरं मागच्या काही वर्षांत विकली गेली. फोंड्याला बहिणीचा टू बीएचके फ्लॅट होता तो आम्ही एजंटाशिवाय विकला, आणि डिचोली तालुक्यात मामांचं जुनं कौलारू घर होतं ते स्वतः विकायचा खटाटोप पाच-सहा महिने करून शेवटी एजंटाकडे दिलं. दोन्ही वेळा जाहिरातीत नंबर माझाच होता, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून बघितल्यात. आता ओळखीत कोणी विचारलं की एजंट घेऊ का, तर मी आधी उलट विचारते, एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या सातबारासारख्या कागदावर, नाव कोणाचं आहे? कारण एजंट गिऱ्हाईक आणतो, कागद आणत नाही, आणि आपल्याकडे घरं अडतात ती बहुतेक कागदावरच अडतात.

पैशाचं आधी सांगते, सगळे तिथूनच सुरू करतात. इथे एजंट साधारण २ टक्के घेतात, बरेचदा दोन्ही बाजूंकडून. ८० लाखांच्या फ्लॅटवर १ लाख ६० हजार झाले, एजंट जीएसटी लावणारा असेल तर १८ टक्के धरून १ लाख ८८ हजार ८००. रक्कम मोठी आहे, पण ती सगळी आपल्या खिशात राहील असं समजू नका, कारण थेट आलेल्या माणसाचं पहिलं वाक्य हेच असतं की एजंट नाही ना मध्ये, मग तेवढे कमी करा. बहिणीच्या फ्लॅटला आम्ही शेवटी अर्धी बचत खरेदीदाराला सोडली आणि अर्धी आमच्याकडे राहिली, आणि मला तो सौदा बरोबर वाटतो.

एजंटाकडे गेलात तर एक शब्द हमखास ऐकाल, नेट रेट. म्हणजे तुम्ही सांगायचं मला हातात ७५ लाख पाहिजेत, वर तो कितीही चढवेल ते त्याचं. ऐकायला सोपं वाटतं, पण मग खरेदीदाराला खरा भाव कळत नाही, तुम्हाला खरेदीदाराचा आकडा कळत नाही, आणि सेल डीडच्या म्हणजे खरेदीखताच्या वेळी दोघं समोरासमोर बसले की वातावरण बिघडतं. टक्केवारीच ठरवा, कागदावर लिहा, आणि कमिशन सेल डीडच्या दिवशी देणार असं त्यात लिहा, टोकन घेतलं म्हणून नाही. एका एजंटाने मामांकडून तोंडी हो घेऊन आंब्याच्या झाडाला स्वतःच्या नावाचा बोर्ड ठोकला होता आणि दोन वेगळ्या लोकांना दोन वेगळे भाव सांगितले होते, तो बोर्ड काढायला आम्हाला तीनदा फोन करावे लागले.

आता जाहिरात. मॅजिकब्रिक्स, नाइन्टीनाइन एकर्स, ओएलएक्स वगैरेवर मालकाला स्वतःची जाहिरात फुकटात टाकता येते, त्यात अवघड काही नाही. पण पहिले दोन दिवस जे फोन येतात ते जवळजवळ सगळे एजंटांचेच असतात, "आमच्याकडे क्लायंट रेडी आहे" म्हणून. जाहिरातीत फक्त थेट खरेदीदार असं लिहिलं तरी ते थांबत नाहीत. मी एकच उत्तर ठरवलं होतं, गिऱ्हाईक घेऊन या, कमिशन त्याच्याकडून घ्या, आमच्याकडून मिळणार नाही, आणि यावर चिडण्यापेक्षा बरेच जण चालेल म्हणाले.

जाहिरातीत क्षेत्रफळ चौरस मीटर आणि चौरस फूट दोन्हीत लिहा. आपण मीटरात बोलतो, मुंबई-पुण्याचा माणूस फुटात विचारतो आणि मीटरचा आकडा बघून त्याला घर बारीक वाटतं. ९० मीटर म्हणजे साधारण ९६९ फूट. आणि कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) किती, सुपर बिल्टअप (जिना-लिफ्टच्या वाट्यासकट) किती हे वेगळं सांगा, नाहीतर तोच प्रश्न वीस जण विचारणार.

फ्लॅटचा खरेदीदार मात्र पोर्टलवरून आलाच नाही. बहिणीने सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चार फोटो टाकले, ते तिसऱ्या मजल्यावरच्या काकींनी आपल्या भावजयीला पाठवले, आणि दोन बिल्डिंग सोडून राहणाऱ्या एका शिक्षिकेने म्हाताऱ्या आईवडिलांना जवळ आणायचं म्हणून घेतला. फोंडा, मडगाव, म्हापसा, वास्को इथला साधा राहता फ्लॅट बहुतेक करून इथलाच माणूस घेतो, आणि इथल्या माणसापर्यंत तुमची सोसायटी, ऑफिस, नातेवाईक, नाक्यावरचा दुकानदार एजंटाआधी पोचतात. गेटवर साधा बोर्ड लावला तरी लोक विचारतात.

मामांच्या घराला हे काहीच लागू पडलं नाही. गावातलं कोणी तेवढा पैसा घालून जुनं घर घेणार नव्हतं, त्याचं गिऱ्हाईक दिल्ली, मुंबई, बेंगळुरूचं. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडणे-डिचोलीकडे असे लोक जास्त फिरायला लागलेत. ते तीन दिवसांसाठी येतात, आणि ते तीन दिवस एजंटाच्या गाडीत असतात, सकाळी दोन घरं, दुपारी दोन. त्या गाडीत तुमचं घर नसेल तर पोर्टलवर कितीही छान फोटो असू देत, ते तुमच्या दारात पोचत नाहीत. तिथे एजंटाचे २ टक्के मला जास्त वाटले नाहीत.

फोटोंबद्दल थोडं जास्त बोलते कारण ते आपण स्वतः एजंटापेक्षा चांगलं करू शकतो. फ्लॅटचे फोटो सकाळी नऊ-साडेनऊला काढले, बाल्कनीतून ऊन थेट हॉलमध्ये येतं तेव्हा, प्लास्टिकच्या खुर्च्या, दोरीवरचे कपडे, कॅलेंडर सगळं काढून, बाथरूम कोरडं करून. बाथरूमचा फोटो टाकाच, नाही टाकला तर लोक वाईटच समजतात. मामांकडे एजंटाचा फोटोग्राफर आला, त्याने वाइड लेन्सने लहानशी खोली हॉलएवढी दाखवली, आणि लोक प्रत्यक्षात आले की चेहरा पडायचा. त्यापेक्षा माझे मोबाइलवरचे दोन फोटो जास्त कामाला आले. एक राजांगणातल्या, म्हणजे घराच्या आतल्या चौकातल्या, तुळशी वृंदावनाचा, आणि एक विहिरीचा, मेच्या शेवटच्या आठवड्यातला, पाण्यात आकाश दिसतंय आणि कठड्याला कळशी टेकवलेली. शहरातून येणारा प्रत्येक जण विचारतो मेमध्ये पाणी असतं का, त्याला हा फोटो दाखवला की पुढचं बोलणं सोपं जायचं. विहीर असेल तर हा फोटो आत्ताच काढून ठेवा, घर दोन वर्षांनी विकायचं असलं तरी.

पावसाळ्यात घर दाखवू नका असं एजंट सांगतात, चिऱ्यांवर शेवाळ असतं, कौलं गळतात, दमट वास येतो. माझं मत वेगळं आहे. फोटो नोव्हेंबरनंतरचे वापरा, पण कोणी जुलैत आला तर खुशाल दाखवा, कारण ज्याने गळती स्वतःच्या डोळ्यांनी बघून ऑफर दिली तो नंतर गळतीवरून भाव पाडत नाही.

घर दाखवणं हा मात्र खरा फरक आहे. फ्लॅटला आम्ही आमचंच सगळं सांगितलं, पाण्याची वेळ, शेजारी कसे, पार्किंगला त्रास होतो का, आणि राहणाऱ्या माणसाने सांगितलेलं लोकांना पटतं. मामांच्या घरी एक जोडपं आलं, त्यातल्या गृहस्थांनी माजघरातला खांब बोटांनी वाजवून बघितला, वाळवी आहे का बघायला, त्यात गैर काहीच नव्हतं, आणि मग बायकोला म्हणाले हे सगळं पाडायलाच लागेल. मामी आत चहा करत होत्या. चहा बाहेर आलाच नाही. ते लोक गेल्यावर मामी मला म्हणाल्या, "बाय, पुढच्या वेळी लोक येणार असले की आधी सांग, मी शेजारी जाऊन बसते." त्यांचं लग्न होऊन ज्या घरात येणं झालं, सगळ्या चतुर्थ्या जिथे झाल्या, त्या घराबद्दल परक्याच्या तोंडून असं ऐकायला त्यांना लावायला नको होतं. एजंट आल्यावर ही बोलणी त्याने ऐकली, आम्हाला फक्त आकडा कळवला. वडिलोपार्जित घर असेल आणि घरात म्हातारी माणसं असतील तर ही गोष्ट पैशापेक्षा मोठी समजा.

सुरक्षिततेचं थोडक्यात. एकटीने घर दाखवू नका. फोनवर लष्करात अधिकारी आहे, घर न बघताच टोकन पाठवतो, क्यूआर स्कॅन करा म्हणणारा आला की फोन ठेवा, पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. आणि कागदांचे फोटो, सर्व्हे नंबर उघड्यावर टाकू नका. बनावट कागद करून जमिनी हडपल्याची प्रकरणं इतकी निघाली की २०२२ मध्ये सरकारला एसआयटी म्हणजे विशेष तपास पथक नेमावं लागलं, म्हणून कागद फक्त घर बघून गेलेल्या आणि खरंच बोलणी करणाऱ्या माणसाच्या वकिलालाच द्यायचे.

आता कागद, म्हणजे खरा निर्णय इथेच होतो. बहिणीच्या फ्लॅटला सेल डीड तिच्या नावाचं, ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, घरपट्टीच्या पावत्या, सोसायटीची एनओसी, लोन फिटल्याचं बँकेचं पत्र आणि निल एन्कम्ब्रन्स म्हणजे घरावर बोजा नसल्याचा दाखला, एवढं एका फायलीत होतं. नवराबायको दोघांनी सही केली, कारण वेगळा करार करून लग्न केलं नसेल तर गोव्याच्या नागरी कायद्याने मालमत्ता दोघांची असते. काम संपलं.

मामांकडे एक-चौदावर आजोबांचं नाव. म्हणजे मामा, दोन मावश्या आणि माझी आई असे चार वाटेकरी, आणि लग्नाने हक्क येतो म्हणून त्यांचे जोडीदारही, म्हणजे माझ्या बाबांचीसुद्धा सही आणि मावश्यांच्या नवऱ्यांचीसुद्धा. एक मावशी वारली होती म्हणून तिची मुलं, त्यातला एक तारवटी, तो बोटीवर, त्याची पॉवर ऑफ अॅटर्नी. सगळे राजी होते म्हणून स्पेशल नोटरीकडे सक्सेशन डीडवर, म्हणजे वारस कोण ते नोंदवणाऱ्या दस्तावर, भागलं, एक जरी अडला असता तर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांच्या वाटणीचा दावा, घालावी लागली असती आणि त्याला वर्षं जातात. हे होईपर्यंत दोन चांगली गिऱ्हाइकं थांबून थांबून निघून गेली, ती मीच आणलेली होती. एजंट आला तेव्हा कागद तयार झाले होते आणि दोन-अडीच महिन्यांत घर गेलं, म्हणून सगळं श्रेय त्याला द्यायला मी तयार नाही. खरेदीदाराच्या वकिलाने पेपरात पब्लिक नोटीस दिली तेव्हाही कोणाची हरकत आली नाही, कारण हरकत घेऊ शकणारे सगळे आधीच सह्या करून बसले होते.

घरासोबत भाट (नारळ-सुपारीची बागायत) किंवा शेत असेल तर झोनिंग सर्टिफिकेट, म्हणजे जमीन कुठल्या वापराच्या झोनमध्ये आहे त्याचा दाखला, आधी काढा. भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावर २०२३ च्या कायद्याने बंधन आणलंय, म्हणून घर आणि शेत एकत्र अशी जाहिरात करून उपयोग नाही. भाटात मुंडकाराचं, म्हणजे मालकाच्या जमिनीवर पूर्वीपासून घर करून राहणाऱ्याचं, घर असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, त्याला १९७५ च्या कायद्याचं संरक्षण आहे आणि गावात एका माणसाला विचारलं तरी खरेदीदाराला ते कळतं. टुरिस्ट व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला इथे घर विकत घेता येत नाही, तो कितीही भाव देत असला तरी वेळ घालवू नका.

व्यवहाराच्या शेवटी वकील दोन्ही रस्त्यांना लागतोच, एजंट असला म्हणून वकिलाचा खर्च वाचत नाही. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापून भरतो, तो आपल्या पॅनवर दिसतोय ना बघून घ्या. मालक परदेशात राहणारा असेल तर टीडीएस वेगळ्या नियमाने आणि बराच जास्त कापतात, तिथे आधी सीएला गाठा. थोडे कॅशमध्ये घ्या म्हणणारे भेटतील, घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही आणि जेवढी घेतली तेवढाच दंड होऊ शकतो.

तर माझा हिशेब असा. कागद एका नावावर, फ्लॅट किंवा गावठाणातलं साधं घर, इथला खरेदीदार, आणि चार महिने फोन उचलायची तयारी असेल तर स्वतः करा, एजंटाची गरज नाही. मोठं जुनं घर, बाहेरचा खरेदीदार, आणि मालक मुंबईत किंवा आखातात असेल तर एजंट घ्या, पण एकच, तीन-चार महिन्यांच्या मुदतीने, कागदावर. कागद अडकलेले असतील तर दोन्ही थांबवा आणि वकिलाकडे जा.

आत्ता साखळीला माझ्या चुलत सासऱ्यांचं घर विकायचं चाललंय, उताऱ्यावर अजून पणजोबांचं नाव आहे. आम्ही जाहिरात टाकली नाही, एजंटालाही सांगितलं नाही. चतुर्थीला मुंबई-पुण्याचे सगळे चुलतभाऊ बायकामुलांसकट त्याच घरात येतात, त्या दिवसांत वंशावळ लिहून काढायची, सगळ्यांचे आधार-पॅन घ्यायचे आणि गणपती पोचवल्यावर दुसऱ्या दिवशी डिचोलीला वकिलांकडे जायचं ठरलंय.