आयट्रिपलईचं सदस्यत्व: कार्ड राहू द्या, चॅप्टर बघा

डिसेंबर जवळ आला, आयट्रिपलईचे (IEEE, म्हणजे इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरांची जागतिक संघटना) नूतनीकरणाचे मेल सुरू झालेत. सदस्यत्व जानेवारी ते डिसेंबर असंच चालतं, तुम्ही कधीही आत या. एक मार्चपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत घेतलं तर निम्मी फी पडते. मी त्यातच बसवलं.

माझं काम चाकणच्या एका कारखान्यात, इलेक्ट्रिकल मेन्टेनन्स. कॉलेजातली स्टुडंट ब्रँच म्हणजे टी-शर्ट आणि सर्टिफिकेट, एवढीच आठवण होती. आतली रचना कळायलाच थोडे दिवस गेले. एकीकडे भूगोल: भारत दहाव्या रीजनमध्ये, त्याखाली पुणे, मुंबई असे सेक्शन. दुसरीकडे विषय: 39 सोसायट्या, प्रत्येकीची फी वेगळी. या दोन्हींचा सांधा म्हणजे चॅप्टर, म्हणजे एका सेक्शनमधल्या एका सोसायटीच्या लोकांचा गट. बारा सदस्यांच्या सह्या जमल्या की त्यासाठी अर्ज करता येतो. याशिवाय यंग प्रोफेशनल्स (पहिल्या पदवीला पंधरा वर्षं झाली नसतील तर आपोआप त्यात), विमेन इन इंजिनिअरिंग, लाइफ मेंबर्स, सल्लागारांचा गट वगैरे.

मी पॉवर अँड एनर्जी सोसायटी घेतली आणि सगळी वसुली तिथेच झाली. आमच्याकडे व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह) वाढल्यापासून हार्मोनिक्सची, म्हणजे करंटची लहर बिघडवणाऱ्या जादा लहरींची, कटकट होती. एका पुरवठादाराने ड्राइव्हच्या टर्मिनलवर मोजून करंट टीएचडी (करंटमधल्या हार्मोनिक्सची टक्केवारी) चाळीस टक्क्यांच्या आसपास दाखवला आणि हार्मोनिक्स कमी करणाऱ्या भल्या मोठ्या अॅक्टिव्ह फिल्टरचं कोटेशन दिलं. एका व्याख्यानानंतर चहाच्या वेळी मी हे सहज बोललो. शेजारी वीज वितरणातून निवृत्त झालेले एक काका होते. म्हणाले, "अहो, ड्राइव्हच्या तोंडाशी काय मोजताय? सप्लाय घेता तिथे मोजा. आणि टीएचडी नाही, टीडीडी बघा."

आयट्रिपलई 519 या हार्मोनिक्सच्या स्टँडर्डमधल्या मर्यादा पीसीसीला लागू होतात, म्हणजे आपली आणि वीज कंपनीची जोडणी होते त्या ठिकाणी. टीएचडीची टक्केवारी त्या वेळच्या मूळ करंटवर काढतात, टीडीडीची कमाल मागणीच्या करंटवर. रात्रपाळीत लोड उतरलं की टीएचडीचा आकडा फुगतो, पण अँपिअरमध्ये ते किरकोळ असतं. हे स्टँडर्डमध्ये लिहिलेलं आहेच, पण आपल्या सिंगल लाइन डायग्रामवर (कारखान्याच्या वीजजोडणीच्या आराखड्यावर) बोट ठेवून कोणी सांगितलं की डोक्यात बसतं. आठवडाभर मोजमाप नोंदवणारा लॉगर लावला, कोटेशन नव्याने मागवलं, फिल्टरचं रेटिंग बरंच खाली आलं. फीचा हिशेब मी तिथेच सोडून दिला.

आता न आवडलेलं. काही गटांचे कार्यक्रम फक्त कॉलेजांत, तेही भर बुधवारी सकाळी अकराला. शिफ्टवाल्याने यायचं कसं? वर दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचा परिचय यात पाऊण तास जातो आणि प्रश्नोत्तरांना "वेळेअभावी" कात्री लागते. ऑनलाइन गटांत मी फार रमलो नाही. तिथे अभिनंदनाच्या पोस्ट जास्त.

अजून एक. सदस्य झालात म्हणून एक्सप्लोर या आयट्रिपलईच्या ऑनलाइन लायब्ररीतले सगळे पेपर फुकट उघडत नाहीत, आणि स्टँडर्डं वेगळी विकत घ्यावी लागतात. फक्त त्यासाठी येणार असाल तर कंपनीची किंवा कॉलेजची लायब्ररी बरी.

सीनियर मेंबर, म्हणजे सदस्यत्वाच्या वरच्या श्रेणीत, व्हायचं असेल तर मात्र चॅप्टरमध्ये जात राहा. दहा वर्षांचा अनुभव लागतो, त्यातली पाच वर्षं उल्लेखनीय कामाची, आणि तीन जणांच्या शिफारशी. शिफारस करणारे सीनियर मेंबर किंवा फेलो असावे लागतात. वेगळी फी नाही. असे तीन जण कारखान्यात बसून भेटत नाहीत.

यंदा हौसेने घेतलेली दुसरी सोसायटी सोडतोय, पॉवर अँड एनर्जी ठेवतोय. नवीन येणाऱ्यांनी आधी पाहुणे म्हणून दोन-तीन व्याख्यानांना जाऊन बसावं. बरीचशी सर्वांना खुली असतात, आणि चहाला थांबावं.