कॉटसकट मावणारा फॅमिली टेंट: डोम, केबिन, टनेल की कॅनव्हास?

डिसेंबर-जानेवारीत हुरडा सुरू झाला की सोलापूरकडच्या घरांत एक प्रश्न निघतोच: या वेळी रात्री शेतातच मुक्काम करायचा का? मुलं एका पायावर तयार असतात. गाडं अडतं ते आजी-आजोबांपाशी. जमिनीवर अंथरूण टाकलं की उठताना गुडघे साथ देत नाहीत, थंडीनं कंबर धरते, आणि "तुम्ही राहा, आम्ही घरी जातो" म्हणून मोठी माणसं जीपमध्ये बसतात. मला हे मुळीच पटत नाही. आगटीभोवती गोष्टी सांगायला तीच माणसं हवीत. त्यामुळे तंबू घ्यायचाच असेल तर कॉट मावेल असा घ्यावा, आणि कॉट आली की तंबूचा सगळा हिशेब बदलतो.

खोक्यावर '४ पर्सन', '६ पर्सन' असं लिहिलेलं असतं, ते सगळे खांद्याला खांदा लावून जमिनीवर झोपले तर. माणशी जेमतेम २ फूट रुंदी धरलेली असते. कॉटचं माप वेगळं. कॅम्पिंगची घडीची कॉट साधारण सव्वासहा फूट लांब, २५ ते २८ इंच रुंद आणि १५ ते १८ इंच उंच असते. घरातली नवारीची लोखंडी कॉट नेणार असाल तर ती अडीच-तीन फूट रुंद भरते. म्हणजे माणसं मोजू नका, कॉट मोजा. दोन कॉट आणि मधे पाय टाकायला दीड फूट एवढ्यातच सव्वासहा फूट रुंदी जाते, म्हणजे तीन माणसांची जागा संपली.

आई-बाबा, आजी आणि दोन मुलं असं पाच जणांचं घर धरू. १० × १० फुटांच्या तंबूत मागच्या भिंतीला उशा करून तीन कॉट लावल्या तर ७ फूट रुंदी लागते, उरलेल्या ३ फुटांत दोन बोळ निघतात. कॉटच्या पायथ्याशी पावणेचार फुटांची पट्टी मोकळी राहते. तिच्या एका टोकाला मुलांची गादी, दुसऱ्या टोकाला दार, आणि आजीची कॉट त्या दाराकडच्या बाजूला. रात्री आजीला बाहेर जायचं झालं तर मुलांना ओलांडावं लागत नाही. पिशव्या, चपला, पाण्याचा कॅन सगळं कॉटखाली सरकतं. दुकानात जाण्याआधी गच्चीवर खडूनं हा चौकोन आखून त्यात घरातल्या कॉट मांडून पाहा. दहा मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक शंका तिथंच मिटतात.

आता प्रकार. बाजारात सगळ्यात स्वस्त, हलका आणि सहज मिळणारा म्हणजे डोम. दोन लवचीक पोल एकमेकांवरून कमानीसारखे टाकले की उभा राहतो, एकटा माणूस लावू शकतो आणि वाऱ्यालाही चांगला टिकतो. पण त्याची भिंत जमिनीपासूनच आत झुकते. खाली ८ फूट लांबी असली तरी कॉटच्या उंचीवर, म्हणजे दीड फुटावर, दोन्ही बाजूंनी मिळून फूट-सव्वा फूट सहज कमी होतं. त्यावर माणूस झोपलं की डोकं आणि पाय कापडाला टेकतात. पहाटे आतल्या कापडावर दव साठतं, ते थेट उशीवर उतरतं. पाऊस असेल तर आतलं कापड बाहेरच्या कव्हरला दाबलं जाऊन तिथूनच ओल येते. यावर दुकानदार ६-७ इंच उंचीची बुटकी कॉट सुचवतात. तरुण माणसाला ती उत्तम आहे. पण ज्यांच्यासाठी कॉट घेतोय त्यांना ती उपयोगाची नाही, कारण इतक्या खालून उठणं म्हणजे जमिनीवरूनच उठणं. गुडघ्याएवढी उंच कॉट आजीला हवी आणि नेमकी तीच डोमला सोसत नाही. शिवाय दारातून वाकून, जवळजवळ रांगतच आत शिरायचं. मोठा डोम मिळाला तर मधोमध दोन कॉट आणि कडेला मुलं असं जमवता येतं, पण मोठ्यांसाठी मी तो सुचवणार नाही.

केबिन टेंटच्या भिंती जवळपास सरळ उभ्या असतात, आत ६ फूट किंवा थोडी जास्त उंची मिळते. कॉट अगदी भिंतीला टेकवून लावता येते, त्यामुळे १० × १० चा तंबू खरोखर १० × १० चा राहतो. उभं राहून साडी नेसता येते, धोतर नेसता येतं. घरच्या मोठ्यांना तंबूत राहण्याचा संकोच वाटतो तो बहुतेक या एका कारणानं, आणि केबिनमध्ये तो उरत नाही. छताला जाळी आणि चारही बाजूंना खिडक्या असलेला घ्या, कारण आपल्याकडे थंडीतही दुपारी ऊन चटका देतं. काही केबिनमध्ये पोल कायमचे जोडलेले असतात, ओढले की तंबू उभा. सोय मोठी, पण घडी चार फुटांच्या आसपास लांब राहते. छोट्या गाडीच्या डिकीत ती आडवी बसत नाही. मागची सीट पाडावी लागते, नाहीतर टपावर कॅरिअर हवा. तीन कॉट, तंबू आणि पाच माणसं एकाच हॅचबॅकमध्ये जात नाहीत, हे आधीच धरून चाला.

केबिनची कमजोरी म्हणजे वारा. सरळ भिंत वारा अंगावर घेते. जानेवारीत शेतात तेवढा त्रास होत नाही, पण एप्रिल-मेमध्ये दिवसभर तापून संध्याकाळी वळीव उठतो तेव्हा धुळीचे लोट आधी येतात आणि पाऊस मागून. अशा वेळी केबिन आडवा होऊ शकतो. उजनीच्या काठावर तर पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याला काहीच अडसर नसतो. ताणाचे सगळे दोर बांधल्याशिवाय केबिनमध्ये झोपूच नये. आणि विजा कडाडू लागल्या की तंबू कोणताही असो, सगळ्यांनी गाडीत जाऊन बसायचं.

टनेल टेंट कॅम्पिंगच्या दुकानांत आता बरेच दिसतात. ओळीनं कमानी, एका टोकाला झोपायची खोली टांगलेली आणि पुढं बसायला ओसरीसारखी जागा. पावसात ही ओसरी फार कामाची: स्वयंपाकाचं सामान, ओले कपडे, भिजलेल्या छत्र्या सगळं तिथं. आषाढात पंढरपूरला किंवा पावसाळ्यात घाटाकडं जाणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा. चूल किंवा गॅस मात्र कुठल्याही तंबूत आत पेटवू नका. कॉटच्या दृष्टीनं मेख आतल्या खोलीत आहे. तिची लांबी बऱ्याचदा २१० सेंटिमीटर असते, म्हणजे सव्वासहा फुटांची कॉट कागदावर बसते. पण मागची भिंत तिरकी उतरते, त्यामुळे उशाकडचा भाग अडतो. चांगली गोष्ट ही की आतली खोली हूकवर लटकलेली असते आणि काढता येते. ती काढली की अख्खा बोगदा मोकळा होतो, कॉट लांबीत लावता येतात. मग डासांसाठी घरची मच्छरदाणी प्रत्येक कॉटवर बांधायची. आणखी एक: टनेल स्वतःच्या पायावर उभा राहत नाही. खुंट्या नीट धरल्या नाहीत तर तो कोसळतोच, आणि टोक वाऱ्याकडं करूनच लावावा लागतो.

आता आपली काळी माती इथं परीक्षा घेते. उन्हाळ्यात ती दगडासारखी कडक, भेगा पडलेली. तंबूबरोबर आलेल्या बारीक ॲल्युमिनियमच्या खुंट्या पहिल्याच घावात वाकतात. ओली झाली की फुगते, चिकट होते आणि त्याच खुंट्या हातानं उपसून येतात. लोहाराकडून १० मिलिमीटर सळईच्या फूटभर लांब मेखा वाकवून घ्या, उन्हाळ्यासाठी आणि मुरमासाठी त्या पुरतात. ओल्या रानात खताच्या रिकाम्या पोत्यात माती भरून, दोर त्याला बांधून पोतं पुरा. डोम किंवा केबिन यात थोडाफार निभावतो, टनेलला दुसरा पर्याय नाही.

कॅनव्हासची राहुटी हा जुना आणि अजूनही दमदार प्रकार. वारीत पालखीच्या मुक्कामाला, पंढरपूरच्या ६५ एकर या वारकऱ्यांच्या तळावर राहुट्या दिसतात त्या उगाच नाहीत. जाड सुती कापड श्वास घेतं, त्यामुळे आत पॉलिस्टरइतकं उकडत नाही आणि पहाटे पाणीही टिपकत नाही. भिंत उभी असलेली राहुटी असेल तर घरची नवारीची कॉट, अगदी बाजसुद्धा आत जाते. पण १० × १० ची राहुटी पोलसकट ३० किलोच्या घरात जाते, लावायला दोन-तीन गडी लागतात आणि ओली घडी घातली तर आठवड्यात बुरशी धरते. ताडपत्रीवाल्याकडून मापानं शिवून घेता येते, हा तिचा मोठा फायदा: दार कुठं, खिडकी किती, सगळं आपल्या कॉटप्रमाणे. स्वतःचं शेत आहे, तंबू महिनाभर तिथंच उभा राहणार आहे, तर माझ्या मते याहून चांगलं काही नाही. वर्षातून दोनदा जाणाऱ्यांनी मात्र मंडपवाल्याकडून भाड्यानं आणावी.

प्लॅस्टिकसारख्या कापडाच्या तंबूत एक गोष्ट विसरू नका. सूर्य उगवला की तासाभरात आत बसवत नाही. डेकॅथलॉन दुकानाच्या केचुआ (Quechua) या ब्रँडमध्ये 'फ्रेश अँड ब्लॅक' नावाचं आतून काळं, ऊन अडवणारं कापड मिळतं; सकाळी उशिरापर्यंत झोपणारी मुलं असतील तर ते पैसे वाया जात नाहीत. तरी कडुलिंबाच्या किंवा चिंचेच्या पश्चिमेला जागा धरली, म्हणजे सकाळची सावली अंगावर येईल अशी, तर साध्या कापडातही बराच फरक पडतो. बाभळीखाली मात्र नको, काटे खालचं कापड फोडतात. तुरीची धसकटं त्याहून वाईट. जागा झाडून, चाचपून मग तंबू टाका.

कॉटचे पाय हाही तंबूचा शत्रू आहे. आडवी दांडी टेकणारी कॉट तळाच्या कापडाला जपते, सुट्या पाइपाचे पाय असलेली भोक पाडते. खुर्चीला लावतात तसे रबरी बूट घाला आणि खाली जुन्या सतरंजीचे तुकडे ठेवा.

आणि थंडी. कॉटवर झोपलं की खालून गार हवा वाहते. जानेवारीच्या पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा नुसतं वरून पांघरून भागत नाही. एक सोलापुरी चादर दुहेरी घडी करून, वर वाकळ टाकून अंगाखाली घ्यायची, दुसरी चादर अंगावर. खाली घेतलेली जास्त ऊब देते, आजीला पहिल्याच रात्री फरक कळेल.

मला विचाराल तर पाच-सहा जणांच्या घरानं, मोठी गाडी असेल आणि बेत मुख्यतः ऑक्टोबर ते फेब्रुवारीचा असेल, तर १० × १० चा केबिन घ्यावा. वरचं पावसाचं कव्हर अर्ध्या उंचीचं नसून जमिनीपर्यंत येणारं बघावं आणि कापडाची जलरोधकता (किती उंच पाण्याचा दाब कापड सोसतं त्याचं माप) किमान २००० मिलिमीटर लिहिलेली असावी. छोटी गाडी आणि पावसाळी फिरणं असेल तर टनेल. स्वतःचं शेत असेल तर राहुटी. विकत घेतल्यावर पहिल्याच रविवारी अंगणात उभा करून आत कॉट लावा, दारं बंद करा आणि शिवणींवर पाइपनं पंधरा मिनिटं पाणी सोडा. गळती निघाली तर बदलून घ्यायची मुदत अजून हातात असते.